पतंग कुठल्या बॅसीनचा?

पतंगाशी माझा संबंध मुळात काव्यापुरता. दिव्यावर झेप घेणारा पतंग संतांच्या अभंगांत भेटतो, शाहिरांच्या लावण्यांत भेटतो, आणि पन्नास मिनिटांच्या तासात तो मुलांना समजावून द्यायला मला पुस्तक उघडावे लागत नाही. संस्कृतात 'पतंग' म्हणजे सूर्यसुद्धा, एवढे सांगितले की मागच्या बाकांवरचीही दोन-चार डोकी वर होतात. या भांडवलावर मी अठरा वर्षे अध्यापन केले. खरा पतंग कधी जवळून पाहिलात का, असे कोणी विचारले असते तर मी घड्याळाकडे पाहून तास संपवला असता.

तीन वर्षांपूर्वी, भाद्रपदाच्या वद्य पक्षातली गोष्ट. आमचे घर वसईच्या पश्चिमेला, जिथे अजून थोड्या वाड्या उरल्या आहेत तिथे. मागे केळी, बांधावर तगर आणि सोनचाफा, आणि त्यापलीकडे नव्या इमारतींची रांग. संध्याकाळपासून पाऊस लागला होता. नऊच्या सुमारास वीज गेली, तासाने आली, आणि आली तेव्हा दिवाणखान्यातल्या भिंतीवर, माझ्या वडिलांच्या तसबिरीच्या अगदी शेजारी, वीतभर नसला तरी बोटभराहून मोठा, काळसर, जाड अंगाचा एक पतंग बसलेला होता. त्याच्या पाठीवर पिवळट रंगात माणसाची कवटी काढलेली होती. 'कवटीसारखे काहीतरी' असे मी म्हणत नाही. दोन खोबणी, खाली जबडा, सगळे जागच्या जागी.

सौ. झाडू घेऊन पुढे झाली. झाडूचा स्पर्श होताच पतंगाने पंख वर उचलले, खालचा पिवळा रंग दाखवला आणि चक्क आवाज केला. चिचुंद्रीसारखा, बारीक आणि रागावलेला. झाडू जमिनीवर पडला. शेजारच्या काकी दारात आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "हे काही चांगलं नाही हो." आणि आमची आई, जी आठ दिवस कुणाशी धड बोलत नव्हती, ती खाटेवरून उठून बसली आणि हात जोडून म्हणाली, "पितृपंधरवडा आहे. कोणी आलं असेल तर येऊ दे. हाकलू नका."

धाकटीने मोबाइलवर त्याचे दोन-तीन फोटो काढले. मोबाइलमधल्या यंत्राने क्षणात उत्तर दिले : ॲकेरॉन्शिया ॲट्रोपॉस. सकाळी पतंग निघून गेला होता.

आता मी मराठीचा माणूस. ॲट्रोपॉस हे नाव ऐकल्यावर मला गप्प बसवेल कसे? ग्रीकांच्या तीन नियतिदेवता. क्लोथो आयुष्याचा धागा कातते, लॅकेसिस तो मोजते आणि ॲट्रोपॉस तो कापते. भिंतीवर वडिलांची तसबीर, शेजारी धागा कापणारी देवता, खाटेवर हात जोडून बसलेली आई. मी एका बैठकीत लेख लिहिला. तो महाविद्यालयाच्या वार्षिकात छापून आला, आणि चार लोकांनी डोळ्यांत पाणी आल्याचेही सांगितले. पाचव्या आमच्या प्राणिशास्त्राच्या बाई. त्या म्हणाल्या, "लेख छान आहे, सर. फक्त पतंग चुकला."

मी म्हटले, "म्हणजे?"

"ॲट्रोपॉस आपल्याकडे नसतो. तो युरोप-आफ्रिकेतला. पूर्वेला फार तर मध्यपूर्वेपर्यंत येतो."

मला राग आला. पतंगाला पासपोर्ट लागतो का? ज्याला पंख आहेत त्याने कुठे यावे हे पुस्तकाने ठरवायचे? बाई हसल्या आणि म्हणाल्या, "फोटो दाखवा."

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या डोळ्यांवरची झापड काढणारा होता. कवटीचे पतंग जगात तीनच जातींचे. तिघांच्याही पाठीवर कवटी, तिघेही आवाज करतात, तिघेही मधमाश्यांच्या पोळ्यांत शिरून मध चोरतात. तो आवाजसुद्धा तोंडातूनच निघतो. घशातल्या पोकळीत हवा आत ओढून बाहेर फेकली की सोंडेतून ती चिरकी शिट्टी येते. नावे ठेवणाऱ्यांनी तिघांनाही मरणाच्या दारात उभे केले आहे : पहिला ॲट्रोपॉस, दुसरा लॅकेसिस, तिसरा स्टिक्स. पहिल्याचा मुलूख पश्चिमेकडचा. उरलेले दोघे भारतातले, आणि आपल्या महाराष्ट्रातही दोघे सापडतात. म्हणजे मुलुखावरून एक नाव बाद झाले, तरी दोन उरली. तिथे मुलूख थांबतो आणि खुणा सुरू होतात.

बाई म्हणाल्या, "लॅकेसिस मोठा आणि काळा. त्याचे मागचे पंख बुडाशी काळे असतात आणि पोटावर निळसर-करडा रुंद पट्टा असतो. स्टिक्सचे मागचे पंख पिवळे, त्यांवर दोन आडव्या काळ्या पट्ट्या." बसलेल्या पतंगाचे मागचे पंख पुढच्या पंखांखाली झाकलेले असतात, तेव्हा साध्या फोटोवर हा निवाडा होत नाही. पण आमच्या सौ.च्या झाडूने काम केले होते. एका फोटोत पंख वर उचललेले होते, आणि खाली पिवळ्यावर दोन काळ्या पट्ट्या स्पष्ट होत्या. स्टिक्स. तिळाच्या पिकावर याच्या अळ्या पडतात, म्हणून शेतकीच्या पुस्तकांत तो ठाण मांडून बसलेला असतो.

मी खट्टू झालो. माझी नियतिदेवता गेली होती. मग घरी येऊन कोश उघडला. स्टिक्स म्हणजे पाताळातली नदी. मेलेल्याला जी ओलांडावी लागते ती. म्हणजे आपली वैतरणीच! आणि वाचकहो, विरारच्या पुढचे स्टेशन कुठले? वैतरणा. खरी नदी आमच्या उत्तरेला वाहत असताना मी ग्रीसहून कात्री मागवली होती. चुकीच्या नावाने लिहिलेल्या लेखापेक्षा खऱ्या नावाचा लेख चांगला झाला असता, ही बोच मला अजून आहे.

तिथून मला हा नाद लागला. गच्चीवर पांढरी चादर टांगायची, दिवा लावायचा, आणि जे येईल ते वहीत लिहायचे. नाद लागण्याचे कारण असे, की हे काम मला अनोळखी वाटेना. आमच्या क्षेत्रात याला पाठनिर्णय म्हणतात. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांनी दुसरे काय केले? सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी समोर ठेवायच्या, कोणती कुठून आली ते पाहायचे आणि मग मत द्यायचे. आमच्या सोपाऱ्यातच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना एक फुटका शिलाखंड सापडला. त्यावर अर्धीमुर्धी अक्षरे. दुसरीकडच्या अखंड लेखांशी ती ताडून पाहिली तेव्हा कळले, की हा अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. अस्सल प्रत जवळ नसती तर तो नुसता दगड होता. पतंगांच्या शास्त्रातही पहिले वर्णन ज्या नमुन्यावरून लिहिले तो नमुना संग्रहालयात जपून ठेवतात, आणि भांडण झाले की सगळे त्याच्याकडे धाव घेतात.

नावांचा घोळ तर आमच्या संतकवींच्या नाममुद्रांनाही मागे टाकील असा. वाडीवाल्या काकांचे पेरू रात्रीतून कोणीतरी टोचून जाई. चोर सापडला : मागचे पंख नारिंगी आणि सोंड इतकी कणखर, की पिकल्या फळाची साल भेदते. याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, आणि काकांनी गुळवेल औषधी म्हणून स्वतःच कुंपणावर चढवली होती. यात दोन जाती सहज गोंधळात टाकतात. एकीच्या नारिंगी पंखावर काळा गोल ठिपका, दुसरीच्या पंखावर स्वल्पविरामासारखी वाकडी खूण. काकांचा चोर स्वल्पविरामवाला. आज त्याचे नाव युडोसिमा फॅलोनिया. पण तो जुन्या पुस्तकात शोधू लागलो तर मिळेना. कारण तिथे तो ओफिडेरिस फुलोनिका, मधल्या काळात ओथ्रेइस फुलोनिया. मजकूर एकाच आसामीचा, दप्तरे तीन. काकांना मी हा सगळा इतिहास सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "सर, नाव काही असू दे. गुळवेल काढू की ठेवू, ते सांगा."

जुन्या ग्रंथांची ओळख झाली तशी मुंबईच्या वाऱ्या वाढल्या. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यांवरचा पाया घालणारा ग्रंथ म्हणजे हॅम्पसनचे चार खंड, १८९२ ते १८९६ या काळात निघालेले. त्या आधी कर्नल स्विनहो यांनी १८८५ साली मुंबई आणि दख्खनच्या पतंग-फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली होती. १८८३ च्या सप्टेंबरात ज्या आठ जणांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली त्यांत हे स्विनहो होते. आणि आपले दोघे : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. साहित्याच्या इतिहासात मी ज्यांना समाजसुधारणेच्या प्रकरणात शिकवत आलो, ती माणसे फावल्या वेळात कीटक आणि वनस्पती पाहत होती, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळावे!

कारवारला बेल नावाचे जंगलखात्याचे साहेब होते. नोकरी संपल्यावरही ते तिथेच राहिले, तिथेच वारले. त्यांनी अळ्या आणून, त्यांना पाला घालून, कोशातून पतंग निघेपर्यंत पाळल्या. स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला भरारी पतंगांवरचा खंड १९३७ साली निघाला. आमचा कवटीवाला त्याच कुळातला.

ही पुस्तके वाचताना एक गंमत ध्यानात येते. हॅम्पसन निलगिरीत मळ्यावर होते, म्हणून निलगिरीच्या नोंदी भरपूर. बेल कारवारला, म्हणून कारवारच्या नोंदी भरपूर. मधल्या कोकणपट्टीत कुणी साहेब बंगला बांधून दिवा लावून बसला नाही, तर तिथे नोंदी विरळ. म्हणजे आपण ज्याला पतंगाचा मुलूख म्हणतो, तो पुष्कळदा पतंग पाहणाऱ्याचाच मुलूख असतो. शिवाय चिठ्ठीवर नुसते 'बॉम्बे' लिहिलेले असले तर ते मुंबई शहर, की सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला सगळा मुंबई इलाखा, हे लिहिणाराच जाणे.

हे सगळे मला कळत होते. तरीही मी खड्ड्यात पडलो.

झाले असे. मुंबईच्या एका जुन्या ग्रंथालयात एक सूची चाळत असताना एका देखण्या पतंगाच्या नावापुढे ठिकाण दिसले : 'बॅसीन'. माझे डोळे लकाकले. बॅसीन म्हणजे वसई! पोर्तुगीज 'बसाईं', त्याचे इंग्रजांनी केलेले 'बॅसीन'. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकले ते, १८०२ च्या तहात पेशवाईचा गळा आवळला गेला ते. शंभरावर वर्षांपूर्वी माझ्या गावात हा पतंग कुणीतरी धरला होता! पतंगाचे नाव मी इथे मुद्दामच देत नाही. एकदा छापून जो घोळ केला तो पुन्हा छापायला नको. तेव्हा मात्र मी ते दोन ठिकाणी छापले, एका व्याख्यानमालेत सांगितले, आणि 'वसईचा हरवलेला पतंग' असे त्याचे बारसेही केले. इमारतींनी वाड्या गिळल्या आणि पतंग गेला, असा हृदयद्रावक शेवट केला. टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत नालासोपाऱ्याची एक मुलगी होती. आमच्याच महाविद्यालयातून पदवी घेऊन ती पुढे एम.एस्सी. करत होती. वडील रिक्षा चालवतात. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या गावांतले पतंग हा तिचा प्रबंधाचा विषय. तुंगारेश्वरचे अभयारण्य २००३ साली झालेले, सुमारे पंच्याऐंशी चौरस किलोमीटरचे. वसई-विरारच्या पूर्वेला जे हिरवे उरले आहे त्यातला मोठा भाग हाच. तिने दोन पावसाळे चिखल तुडवून यादी केली होती. त्या यादीच्या प्रस्तावनेत तिने 'पूर्वीच्या नोंदी' म्हणून माझा पतंग घातला. मूळ सूची पाहिली नाही. पाहायची तरी का? सरांनी लिहिले होते.

तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले. "याच्या जवळात जवळच्या नोंदी आसामातल्या. मधला सगळा हिंदुस्थान सोडून हा वसईला कसा आला? तुम्ही मूळ संदर्भ पाहिलात का?" तिला उत्तर देता आले नाही. एक ओळ संशयास्पद निघाली म्हणून बाकीच्या ओळीही पुन्हा तपासायला सांगितल्या. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, निकाल दीड महिना लांबला, आणि त्या दीड महिन्यात एका नोकरीची मुलाखत हातची गेली.

ती माझ्याकडे आली तेव्हा रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. एवढेच म्हणाली, "सर, ते पुस्तक कुठे मिळेल? मला फक्त ते पान बघायचं आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सकाळच्या लोकलने मुंबईला गेलो. वाटेत मी बोललो नाही. सूची काढली. तिने माझे पान वाचले, मग त्याच्या आधीची दोन, मग पुढची तीन. मी एवढे कधी केले नव्हते. मला माझे गाव सापडल्यावर पुढे वाचायची गरज वाटली नव्हती. तिने वहीत त्याच संग्राहकाची बाकीची ठिकाणे लिहून काढली : रंगून, पेगू, मौलमीन. मग माझ्याकडे वही सरकवली.

ब्रह्मदेशातही एक बॅसीन आहे! इरावतीच्या मुखाशी, आज ज्याला पाथेन म्हणतात ते. आणि १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होता, त्यामुळे दोन्ही बॅसीनांचे पतंग एकाच ग्रंथाच्या एकाच पानावर शेजारी शेजारी बसू शकतात. संग्राहक बिचारा मुंबईला कधी उतरलाच नसेल. वसईचा हरवलेला पतंग वसईला कधी आलाच नव्हता. तो हरवला नव्हता. मी हरवलो होतो.

घरी येऊन मी महाविद्यालयाच्या वार्षिकासाठी शुद्धिपत्र लिहिले. लेख चार पानांचा होता. शुद्धिपत्र चार ओळींचे छापले गेले, तेही शेवटच्या पानावर, क्रीडावृत्ताच्या खाली. ज्यांनी लेख वाचला त्यांतल्या कितींनी शुद्धिपत्र वाचले असेल? व्याख्यानाला आलेले लोक अजून भेटतात आणि विचारतात, "काय सर, तो हरवलेला पतंग मिळाला का?" प्रत्येकाला बाजूला घेऊन मी ब्रह्मदेशची कथा सांगतो. काही जणांना ती आवडत नाही. वाड्या गेल्या हे खरे, मग पतंग गेला हेही खरे असायला काय हरकत आहे, असा त्यांचा चेहरा असतो. परीक्षकांना मी पत्र लिहून चूक माझी असल्याचे कळवले. त्यांनी सौजन्याने उत्तर दिले, पण मुलाखत काही परत आली नाही. ती मुलगी पुढे एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली.

गेल्या वर्षी श्रावणात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "सर, जीवदानीच्या पायथ्याशी या. लवकर या."

विरार पूर्वेला डोंगराच्या कुशीत एका सोसायटीच्या फाटकावरच्या दिव्याखाली तीसेक माणसे जमली होती. भिंतीवर तांबूस-तपकिरी रंगाचे, उघडलेल्या दोन तळहातांएवढे काहीतरी पसरले होते. चारही पंखांवर तीनकोनी पारदर्शक खिडक्या, आणि पुढच्या पंखांच्या टोकांना सापाच्या फण्यासारखा आकार, डोळ्यासकट. "नाग आहे, नाग," असे कोणी म्हणत होते. रखवालदाराच्या हातात झाडू होता, आणि त्या झाडूच्या आणि भिंतीच्या मध्ये ती हात पसरून उभी होती. एक लहान मुलगा वाटीत साखरेचे पाणी घेऊन आला होता. तिने त्याला सांगितले, की याला खाता येत नाही. चालते तोंडच नसते. अळी असताना जे खाल्ले तेवढ्यावर आठवडा-दोन आठवडे जगायचे. मुलाने वाटीकडे पाहिले, मग स्वतःच पिऊन टाकले.

आता या महाकाय पतंगाचे नाव कोणालाही विचारा, ॲटलास असेच येईल. लिनीअसने १७५८ साली ठेवलेले नाव. पण गोष्ट इतकी सरळ नाही. ॲटलासचा मुलूख हिमालय, ईशान्य भारत आणि तिथून पुढे आग्नेय आशिया. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत त्याचा जो भाऊबंद आहे त्याला मूर यांनी १८८० नंतरच्या दशकात, सिलोनच्या पतंगांवरच्या आपल्या ग्रंथाच्या वेळी, वेगळे नाव दिले : टाप्रोबॅनिस. अमेरिकेचे पीगलर यांनी १९८९ साली या सगळ्या गटाची फेरतपासणी केली आणि टाप्रोबॅनिस ही स्वतंत्र जाती मानली. काही जण तिला ॲटलासचीच दक्षिणेकडची पोटजात समजतात. दिसण्यात दोघे इतके जवळचे, की भिंतीवर बसलेल्या एकट्या पतंगाकडे पाहून हात वर करावेत.

मी मात्र हात वर करायला तयार नव्हतो. टाप्रोबेन हे सिलोनचे ग्रीकांनी घेतलेले नाव, आणि ते आपल्या 'ताम्रपर्णी'वरून! अशोकाच्या दुसऱ्या आणि तेराव्या शिलालेखांत ताम्रपर्णी येते. सोपाऱ्यात सापडले ते तुकडे आठव्या आणि नवव्याचे, हे दुर्दैव. नाहीतर काय योग जुळला असता! फाटकाच्या दिव्याखाली उभ्या उभ्या माझ्या मनात लेख तयार होऊ लागला. मी म्हटले, "हा टाप्रोबॅनिसच. आपण सह्याद्रीच्या रांगेत आहोत. दक्षिणेकडचा मुलूख."

ती म्हणाली, "सर, दक्षिणेला सापडलेल्याला आपण टाप्रोबॅनिस म्हणतो. का? तर टाप्रोबॅनिस दक्षिणेला सापडतो म्हणून. आणि तो दक्षिणेला सापडतो हे कशावरून? तर दक्षिणेला सापडलेल्यांना आपण तेच नाव लिहीत आलो म्हणून. उद्या माझी नोंद बघून कोणीतरी म्हणेल, विरारपर्यंत आहे, मग डहाणूचाही तोच. मधे कोणी पतंग उघडून पाहिलाच नाही."

मला एकदम 'भारद्वाज' आठवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या टोपणनावाने भारद्यांनी वाद उभा केला होता, की ज्ञानेश्वरीचा ज्ञानदेव वेगळा आणि अभंगांचा वेगळा. भाषा साधी दिसली की तो अभंग दुसऱ्याचा. आणि दुसऱ्याची भाषा साधी, कारण साधे अभंग सगळे त्याच्या खात्यावर मांडलेले. हा वाद मी दरवर्षी वर्गात शिकवतो. त्यातला दोष मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. आणि जीवदानीच्या पायथ्याशी मी तोच करत होतो.

"मग ठरवायचं कसं?" मी विचारले.

"पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. त्यासाठी मारावा लागेल. किंवा एखादा पाय घेऊन तपासणीला पाठवायचा, पण समोर ताडून बघायला सिलोनच्या अस्सल नमुन्याची तपासणी हवी." तिने पतंगाकडे पाहिले. मिशा बारीक होत्या, नराच्या पिसासारख्या नव्हेत, मादी होती. "एकासाठी नाही मारणार. खाली पडलेले, मेलेले मिळतील तेव्हा ठेवीन."

रखवालदाराने दिवा मालवायचे कबूल केले, म्हणजे मादीला अंधारात उडून जाता येईल. तो म्हणाला, दोन तास मालवीन, पण चोरी झाली तर सर जबाबदार. मी सही करून दिली. त्या रात्री चोरी झाली नाही. पहाटे तो पाहायला गेला तेव्हा भिंत मोकळी होती.

घरी आलो तेव्हा आई जागी होती. काय होते, म्हणून तिने विचारले. मी फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. "हा तो नव्हे," ती म्हणाली. "त्याच्या पाठीवर तोंड होतं."

त्या मुलीने स्वतःची नवी वही केली आहे. पुन्हा यादी प्रसिद्ध करायची आहे, या वेळी प्रत्येक जुनी नोंद मूळ पान पाहून. मला तिने एक काम दिले आहे : जुन्या पुस्तकांतले प्रत्येक 'बॅसीन' शोधायचे आणि ते कुठले ते शेजारच्या ठिकाणांवरून, संग्राहकाच्या प्रवासावरून ठरवायचे. आजवर अकरा तपासले. सात ब्रह्मदेशचे निघाले, दोन आपले, दोनांचे काही ठरत नाही. त्या रात्रीचे पान तिने मला दाखवले. तारीख, वेळ, दिवा कुठला, पाऊस किती वेळापूर्वी थांबला, मादी, पंखांची लांबी पट्टी शेजारी धरून घेतलेली. जातीच्या रकान्यात : 'ॲटॅकस, जाती ठरवलेली नाही.' ठिकाणाच्या रकान्यात : 'जीवदानी डोंगराचा पायथा, विरार पूर्व, तालुका वसई, जिल्हा पालघर, महाराष्ट्र.' आणि त्याखाली, माझ्याकडे न पाहता लिहिलेले, बारीक अक्षरांत : 'ब्रह्मदेश नव्हे.'